शेवटच्या बोटीचं आइस्क्रीम

आमच्या लहानपणी रत्नागिरीत बर्फ बोटीने यायचा. मुंबईहून निघालेल्या आगबोटीत गोणपाटात शिवलेल्या, पेट्यांत लाकडाच्या भुशात पुरलेल्या लाद्या असायच्या. बोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसं आणि सामान पडावातून, म्हणजे मोठ्या होड्यांतून, मांडवीच्या धक्क्याला यायचं, आणि या सगळ्या चढउतारात निम्मा बर्फ समुद्राला मिळायचा. उरलेला राम आळीतल्या सोडावॉटरच्या दुकानात जायचा. तिथे त्याचं आइस्क्रीम व्हायचं. बोट आली तर आइस्क्रीम, नाही तर नाही. पावसाळ्यासाठी बोटी बंद झाल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत आइस्क्रीमचं नावसुद्धा कुणी काढत नसे.

आता घरातच फ्रीज आहे. सुट्टीत मुलं डबे घेऊन येतात आणि माझ्यापुढे वाटी सरकवतात. मी आधी विचारते, कसलं आहे? ‘झाली आजीची चौकशी सुरू’ म्हणून ती एकमेकांना डोळे मारतात. मारू देत. माझं एकदा हे विचारायचं राहून गेलं होतं. ते त्यांना कधी सांगितलेलं नाही, कारण मुलांना असलं काही सांगितलं की ती दोन दिवस उगाच जपून वागतात आणि मला ते सोसत नाही. म्हणून लिहून ठेवते.

माझे वडील आगबोटीच्या एजंटाकडे कारकून होते. बोटीच्या दिवशी धक्क्यावर उभं राहायचं आणि उतरणारी माणसं, उतरणारं सामान यादीशी ताडून पाहायचं, हे त्यांचं काम. माणूस सरळ, पण तापट. आई देवरूखची. लग्न होईपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता, आणि पाहिल्यावरही तिचं त्याच्याशी कधी जमलं नाही. ‘एवढं पाणी, पण प्यायला घोटभर नाही,’ म्हणायची. आणि माझा दादा. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आमच्या मधली दोन मुलं जगली नाहीत, त्यामुळे तो आईच्या गळ्यातला ताईत होता, आणि मी त्याच्या खांद्यावरचं ओझं.

मी सात वर्षांची असताना दादा मॅट्रिकला बसला. निकाल लागेपर्यंत रिकामा कशाला फिरतोस, म्हणून बाबांनी त्याला मे महिन्यात धक्क्यावर उभं केलं. उतारूंचं सामान राखायचं, एवढंच काम. त्या सुट्टीत सोडावॉटरवाल्याने अननसाचं आइस्क्रीम करायला सुरुवात केली आणि गावभर त्याचाच बोलबाला झाला.

अननसाचंच का, तेही सांगते. आमच्या गावात आंब्याचं आइस्क्रीम विकायला ठेवणारा वेडाच म्हणायचा. मे महिन्यात घरोघरी माळ्यावर गवतात आंबे पिकत घातलेले, ओटीवर आंबे, परसात कोयांचा ढीग, गोठ्यात गुरांपुढेसुद्धा आंब्याच्या साली. विकत घेऊन पुन्हा आंबाच कोण खाणार? म्हणून तो मुंबईहून अननसाच्या अर्काची बाटली मागवायचा आणि रंगाला चिमूटभर पिवळं काहीतरी घालायचा. ज्यांनी ते खाल्लं ती मुलं शाळा उघडल्यावर वर्षभर शिष्टपणा करत.

बायकांनी दुकानात जाऊन खायची तेव्हा पद्धत नव्हती. आईच्या कानावर नुसतं नाव होतं. एके दिवशी बोट येऊन गेली, उतारू पांगू लागले, आणि दादाच्या मनात काय आलं कोण जाणे, समोरचं सामान तसंच टाकून तो राम आळीत धावला, तिथून पेलाभर आइस्क्रीम घेऊन घरी धावला, आणि आईला चुलीपुढून उठवून त्याने ते तिला भरवलं. मी तेव्हा शेजारी खेळत होते. परत आले तेव्हा पेला रिकामा होता आणि आई तोंडाला पदर लावून हसत होती. ‘दातांना कळ लागली गो नुसती!’ म्हणाली. आई अशी हसलेली मी फारशी पाहिली नव्हती. मी अर्थातच भोकाड पसरलं. दादाने माझी वेणी ओढली आणि म्हणाला, ‘रडू नको, पुढच्या बोटीला तुझ्यासाठी.’

तो धक्क्यावर परत गेला तेव्हा तिथे गर्दी जमली होती. त्याने टाकून दिलेल्या सामानातली एक ट्रंक शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरून पाण्यात गेली होती. कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची लुगडी होती त्यात. बाबांनी विचारलं, कुठे होतास? दादाने खरं ते सांगितलं. बाबांनी हमालांच्या, उतारूंच्या, होडीवाल्यांच्या देखत त्याच्या थोबाडीत मारली. सतरा वर्षांच्या मुलाला.

पाचव्या दिवशी मुंबईच्या बोटीला जाणाऱ्या पडावात दादा बसला. घरी त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबा धक्क्यावरच होते, हातात यादी होती. त्यांनी त्याला पाहिलं, त्याने त्यांना पाहिलं. त्यांनी हाक मारली नाही, त्याने मान वळवली. हे सगळं बाबांनीच घरी येऊन आईला सांगितलं, उभ्याउभ्या, आणि मग ते विहिरीवर जाऊन खूप वेळ पाय धूत बसले.

पहिल्या वर्षात दादाची चार पत्रं आली. आईला वाचता येत नव्हतं, मी अडखळत वाचून दाखवायची. मुंबईला गोदीत काम मिळालं, मग एका जहाजावर मिळालं, शेवटचं पत्र एडनहून होतं. बाबांची चौकशी एकाही पत्रात नव्हती. पण शेवटी आईसाठी एक ओळ हमखास असायची, येताना अननसाचं घेऊन येईन. मग पत्रं थांबली. बाबांनी एजंटाच्या ओळखीने मुंबईला दोनदा चौकशी केली. त्या नावाचा खलाशी त्या जहाजावरून केव्हाच उतरला, कुठे गेला ते माहीत नाही, असं उत्तर आलं.

आमच्याकडे अक्षय तृतीयेपर्यंत नवा आंबा कुणी तोंडात घालत नसे. त्या दिवशी आधी देवापुढे, मग पितरांच्या नावाने ठेवायचा, आणि नंतर घरातल्यांनी खायचा. पत्रं थांबल्यानंतरच्या अक्षय तृतीयेला आईने आम्हाला फोडी वाढल्या आणि स्वतःच्या पानात घेतल्या नाहीत. बाबांनी विचारलं, ‘तुला?’ ती म्हणाली, ‘तो घरी आला की खाईन.’ बाबांनी पुढचा घास घेतला नाही. नेम बाहेर सांगितला की त्याचं बळ जातं, असं आई मानायची. मला तिने बजावून ठेवलं होतं, कुणाला बोलायचं नाही. आमच्या घराबाहेर ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती.

रत्नागिरीत राहून आंबा सोडायचा, म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. आई आमच्यासाठी रोज रस काढायची, मनगटापर्यंत हात माखायचे, ते ती घासून धुवायची. रस वाळवून साठं घालायची तेव्हा ताटात तो ओतण्याआधी माझ्या तळहातावर थेंब ठेवायची आणि म्हणायची, ‘चाखून सांग गो, गोड आहे काय?’ मी चाखून सांगायची. तीन उन्हाळे आईची जीभ मी होते. मला त्याची फार ऐट वाटायची, काय करणार, वयच तसं होतं.

आणि बोटीचे दिवस. बाबा संध्याकाळी घरी आले की आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. विचारायची काही नाही. बाबाही दादाचं नाव घ्यायचे नाहीत. ते म्हणायचे, ‘आज कांदे उतरले.’ नाही तर, ‘आज बर्फाच्या दोन पेट्या आल्या.’ नाही तर, ‘आज एक वऱ्हाड होतं, त्यांचाच गोंधळ.’ आई म्हणायची, ‘बरं. पाय धुवा, ताट वाढते.’ मला पहिले काही महिने वाटायचं, आईला कांद्यांची एवढी काय पडलीये!

चौथ्या मे महिन्यात आईला ताप भरला. पाच-सहा दिवसांत कळलं, विषमज्वर आहे. पेज आणि ताकाचं पाणी, तेही ती थुंकून टाकायची. तोंड कडू जहर झालंय म्हणायची, साखरसुद्धा कडू लागायची. माळ्यावर आंबे पिकून वासाने घर भरलं होतं, ते उतरवायला कुणाला सुचत नव्हतं. आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा लागला. दुपारनंतर ती बरळायची, माणसं ओळखायची नाही.

एके सकाळी डॉक्टर आले, नाडी पाहिली, पाठीला नळी लावून पाहिलं आणि उठताना बाबांना म्हणाले, ‘त्या जे मागतील ते द्या. पथ्य राहू दे आता.’

मला केवढा आनंद झाला! पथ्य सुटलं म्हणजे दुखणं सुटलं, असं मला वाटलं. मी धावत जाऊन आईच्या कानाशी ओरडले, ‘आई, पथ्य सुटलं तुझं! काय खाशील?’ बाबा मागच्या पडवीत जाऊन खांबाला टेकून बसले होते. त्यांनाही मी ते उड्या मारत सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे बघत राहिले. डॉक्टरांच्या त्या शब्दांचा अर्थ मला कळला तेव्हा मी पुष्कळ मोठी झाले होते आणि दुसऱ्या एका आजाऱ्याच्या उशाशी बसले होते. पण त्या सकाळच्या उड्या आठवल्या की अजून मला माझी लाज वाटते.

आई थोड्या वेळाने म्हणाली, ‘ते थंड... दादानं आणलंन होतंन ते.’

बाबांनी दारातून ते ऐकलं. ज्या पेल्यापायी त्यांनी मुलाला मारलं होतं, तोच पेला ती मागत होती. ते चपला घालून राम आळीत गेले. दुकानदाराने सांगितलं, बर्फ संपलाय, पण उद्या शेवटची बोट आहे, तिच्यातून पेटी मागवली आहे, आली की पहिलं आइस्क्रीम तुमचं.

उद्या बोट येईल की नाही, याचा नेम नव्हता. समुद्र उसळू लागला होता. अशा दिवसांत कधीकधी बोट आमच्या बंदराला न थांबता तशीच पुढे जायची. दुसऱ्या दिवशी दुपारभर माझे कान बाहेर होते. चारच्या सुमाराला भोंगा वाजला. मी आईला म्हटलं, ‘आली गो बोट!’ तिने डोळे मिटूनच मान हलवली.

बाबांना धक्का सोडून येता येण्यासारखं नव्हतं. शेवटची बोट म्हणजे सगळा गाव बंदरावर. आइस्क्रीम मी आणायचं ठरलं होतं. शेजारच्या काकी आईपाशी बसल्या आणि मी पितळेचा झाकणाचा पेला आणि ओलं फडकं घेऊन राम आळीत गेले.

दुकानात लाकडी बादली मांडली होती. मध्ये डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि जाडं मीठ. दुकानदार स्वतः दांडा फिरवत होता, घामाने निथळत होता. इतका वेळ लागला की मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊन दमले. मी म्हटलं, ‘झालं का हो?’ तो म्हणाला, ‘घाई केलीस तर दूध नेशील घरी, आइस्क्रीम नाही.’ शेवटी दांडा फिरेना झाला, तेव्हा त्याने झाकण काढलं, पेला काठोकाठ भरला आणि वर बर्फाचा एक तुकडा ओल्या फडक्यात बांधून दिला. आइस्क्रीम पिवळं होतं. पिवळं म्हणजे अननस, हे मला पाठ होतं. मी काही विचारलं नाही, आणि त्यालाही सांगायला सुचलं नाही.

मी धावत निघाले. पेल्याच्या काठावरून एक ओघळ माझ्या मनगटावर आला. चार वर्षं मी त्या आइस्क्रीमची वाट पाहत होते. पुढच्या बोटीला तुझ्यासाठी, म्हणाला होता दादा. पण दुसऱ्यासाठी न्यायच्या वस्तूला तोंड लावायचं नाही, ती उष्टी होते, ही आईचीच शिकवण. आणि तीही आजारी आई! मी तो ओघळ परकराला पुसला. आपण किती शहाण्या, असं मला वाटलं. वास म्हणाल तर मे महिन्यात आमच्या गावाला जो वास येतो तोच त्याला येत होता, त्यात वेगळं ते काय कळणार? तीन वर्षं आईने प्रत्येक रस आधी माझ्या जिभेवर ठेवला, आणि ज्या दिवशी चाखायला हवं होतं त्याच दिवशी मी चाखलं नाही.

मी घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. काकी आपल्या घरी दिवा लावायला गेल्या. मी आईची मान हातावर घेतली आणि पहिला चमचा तिच्या ओठांना लावला. ती शहारली. मग तिने तो तोंडात घेतला, जीभ फिरवली आणि थांबली. मग तिने डोळे उघडले. इतक्या दिवसांत तिने ते असे उघडले नव्हते.

‘आला काय गो तो?’

‘कोण?’

‘मला आंबा भरवलास ना? म्हणजे आला. कुठे आहे? बंदरावर?’

मी चमचा खाली ठेवला आणि पेल्यात बोट बुडवून चाखलं. आंबा होता. घट्ट, गोड, कलमाच्या हापूसचा आंबा. आपण आईचा नेम मोडला, आता दादा कधीच येणार नाही, हे माझ्या मनात पहिलं आलं. आणि ती मात्र माझ्याकडे बघत होती. तिच्या घरात तिला आंबा भरवला जाण्याचं दुसरं कारणच नव्हतं. माझ्या चुकीचा तिला संशयसुद्धा आला नाही, इतका तिचा आमच्यावर विश्वास होता.

‘हो,’ मी म्हणाले. ‘आलाय. पडावातून उतरतोय. बाबा घेऊन येतायत त्याला.’

‘दोघं बरोबर येतायत?’

‘बरोबर.’

‘बरं झालं गो,’ ती म्हणाली. ‘भर आणखी.’

तिने सात-आठ चमचे खाल्ले. वीस दिवसांत तिच्या पोटात एवढं काही गेलं नव्हतं. मी भरवत होते आणि माझे डोळे वाहत होते. सुदैवाने उजेड कमी होता. मग तिने माझा हात धरला. ‘पुरे. त्याच्यासाठी ठेव.’

पडवीत बाबांची पावलं वाजली तशी मी बाहेर धावले. ते एकटेच होते. दुसरं कुणी थोडंच येणार होतं! पण मी त्यांच्या मागे पाहिलं खरं. मी एका दमात सांगून टाकलं, की आइस्क्रीम आंब्याचं निघालं, आईला वाटलं दादा आला, आणि मी हो म्हटलं. सांगताना मी गाल हाताने झाकला होता. बाबांनी ते पाहिलं. त्यांनी हात उचलला नाही. त्यांच्या ओठांवर त्या दिवशी काय उतरलं ते तयार असणार, कांदे की आणखी काही, ते तिथेच राहिलं.

आतून आईचा आवाज आला, ‘आलास काय रे?’

बाबा पाय न धुता कधी घरात शिरत नसत. त्या दिवशी वाळूच्या पायांनी ते आत गेले आणि तिच्या उशाशी बसले. तिने चाचपडत त्यांचा हात धरला.

‘मेल्या, किती उशीर केलास! आणि हात बघ कसे खरखरीत झाले. दोर ओढून ओढून.’

बाबांनी हात तसाच तिच्या हातात राहू दिला.

‘बोल की. रागावलायस अजून?’ तिला धाप लागत होती, पण ती थांबेना. ‘बाबांवर राग धरू नको हां. मारलंनी ते चुकलंच त्यांचं. पण दर बोटीला तुलाच बघतात रे ते. मला येऊन कांदे सांगतात, बर्फ सांगतात. मला काय कळत नाही?’

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. बाबांची मान खाली गेली होती. चार वर्षं त्यांनी जी गोष्ट कुणाजवळ काढली नव्हती, आणि तिने त्यांच्याजवळ काढली नव्हती, ती आई आता त्यांनाच सांगत होती, मुलगा समजून.

‘सांग, नाही ना धरलास राग?’

बाबा म्हणाले, ‘नाही धरला.’ तो आवाज दादाचा नव्हता आणि बाबांचाही नव्हता.

‘मग खा तेवढं. तुझ्यासाठी ठेवलंय.’

मी पेला बाबांच्या हातात दिला. त्यात वितळलेलं दोन-तीन चमचे उरलं होतं. बाबांनी ते तोंडाला लावलं आणि एका घोटात संपवलं. आई कान देऊन ऐकत होती.

‘गोड आहे काय?’

‘गोड आहे,’ बाबा म्हणाले.

मग तिला झोप लागली. बाबा तिच्या मुठीतून हात न काढता तसेच बसून राहिले. त्यांच्या पायांची वाळू चटईवर पडली होती, ती मी दुसऱ्या दिवशीपर्यंत झाडली नाही.

त्यानंतर ती पुरती शुद्धीवर आली नाही. मधेच एकदा तिने विचारलं, ‘जेवला काय तो?’ बाबांनी सांगितलं, ‘जेवला.’ तिसऱ्या दिवशी पहाटे आई गेली.

दिवसकार्याला सोडावॉटरवाला आला होता. तो बाबांना म्हणाला, ‘बाटलीतला अर्क घालायचं जिवावर आलं हो. आजारी माणसाच्या तोंडी जायचं, म्हणून माझ्या परसातल्या कलमाचा हापूस घातला. आवडलं काय त्यांना?’ त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘आवडलं. बरं केलंत.’ मी आत होते. मला तेव्हा त्या भल्या माणसाचा असा राग आला होता की त्याच्या बाटल्या फोडाव्यात. आज वाटतं, त्याच्यासारखं चुकायला माणूस चांगला असावा लागतो.

त्या संध्याकाळबद्दल बाबा आणि मी एकमेकांशी कधीच बोललो नाही. मी केलं ते बरोबर की चूक, हे त्यांना विचारायचं मी फार ठरवलं, पण तोंड उघडलं नाही. पुढच्या अक्षय तृतीयेला त्यांनी देवापुढे आंबा ठेवला, माझ्या पानात फोडी वाढल्या आणि स्वतःच्या पानात घेतल्या नाहीत. मीही विचारलं नाही. दादा आला नाही, त्याचं पत्र आलं नाही, तो कुठल्या बंदराला उतरला ते आजतागायत कळलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते आई गेली त्याच वर्षीच्या नारळी पौर्णिमेनंतरचं. बोटी सुरू झाल्या. पहिल्या बोटीच्या दिवशी बाबा सकाळीच धक्क्यावर गेले. मी बारावं लागलेली मुलगी, भात लावायला शिकले होते, चुलीपुढे फुंकर घालत बसले होते. दिवस मावळता मावळता ते आले. मी चुलीकडून उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. ते पडवीत थांबले होते. रिकाम्या दाराकडे पाहून बोलायचं की नाही, या विचारात असावेत. मग त्यांना मी दिसले.

‘आज बर्फ नव्हता,’ ते म्हणाले. ‘कांदे उतरले.’

‘बरं,’ मी म्हणाले. ‘पाय धुवा, ताट वाढते.’